सॅक्सोफोनची शास्त्रोक्त प्रतिष्ठापना

सॅक्सोफोन या वाद्याशी माझा कधी काळी संबंध येईल, असे भाकीत माझ्या जन्मपत्रिकेवरून कोणीही केलेले नव्हते. मी बेळगावच्या एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला, टिळकवाडीत लहानशा बंगलीत राहणारा, सकाळी संध्या आणि सायंकाळी फेरफटका एवढ्यावर संतुष्ट असलेला मनुष्य. एकादशी आज धरावी की उद्या, सुतकात लोणचे घालावे की न घालावे, अशा शंका घेऊन शेजारचे लोक माझ्याकडे येत आणि समाधान पावून जात. 'शास्त्रीबुवांनी सांगितलंय' एवढे म्हटले की आमच्या रस्त्यावरचा वाद मिटत असे. ही प्रतिष्ठा मी फार जपली होती. ती एका पितळी नळीपायी पणाला लागावी, हे विधिलिखित असावे.

साल अठ्ठ्याहत्तर. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी मारुतीराव हे माझे बालमित्र. आम्ही एकाच शाळेत एकाच पाटीवर अक्षरे गिरवली. पुढे मी व्याकरणाकडे वळलो आणि ते वखारीकडे. त्यांचा मुलगा शरद बेळगावात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकत होता आणि आमच्या मागच्या खोलीत राहत होता. मुलगा शांत, नम्र, जेवणाविषयी तक्रार न करणारा. एका संध्याकाळी तो कॅम्पातून एक काळी पेटी घेऊन आला. लष्करी बँडमधून निवृत्त झालेल्या कोणा मास्तरांकडे तो वर्षभर गुपचूप शिकत होता आणि मास्तरांनी गाव सोडताना आपले वाद्य त्याच्या स्वाधीन केले होते. पेटी उघडल्यावर आत पितळेची, खाली वाकून पुन्हा वर तोंड काढणारी, अंगभर किल्ल्या असलेली एक वस्तू दिसली. ती निपाणीच्या मुलाजवळची असल्यामुळे आमच्या सौ. वासंतीने तिला हुक्का समजणे स्वाभाविक होते.

"शरद, अरे, तुझ्या वडिलांचा धंदा आहे हे खरं, पण आमच्या घरात हे चालायचं नाही हो!" ती म्हणाली.

"काकू, हा सॅक्सोफोन आहे. ओढायचा नाही, फुंकायचा."

"म्हणजे त्याहून वाईट," वासंती म्हणाली आणि आत गेली.

मुलाने मला सारे विश्वासात घेऊन सांगितले. त्याला तंबाखूच्या गादीवर बसायचे नव्हते. त्याला 'सोल' आणि 'फंक' वळणाच्या जॅझ संगीतात आयुष्य काढायचे होते. हे संगीत त्याने वर्गातल्या एका गोव्याच्या मुलाच्या तबकड्यांवर ऐकले होते. मी जिज्ञासेने विचारले, "सोल म्हणजे?"

"म्हणजे आत्मा, अण्णा."

मी सावरून बसलो. विषय माझ्या प्रांतात येत होता. "आणि फंक?"

शरदने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "ते शब्दांत सांगता येत नाही. ते असतं."

आत्मा, आणि त्यापलीकडे काहीतरी अनिर्वचनीय! उपनिषदांच्या अभ्यासकाने याउपर कोणत्या तोंडाने विरोध करावा? मी संमती दिली. ती देण्यापूर्वी ते संगीत एकदा ऐकावे, हे सुचले नाही.

मारुतीरावांना मात्र हे कळवणे भाग होते. ते मोटारीने आले, पेटीकडे पाहिले, आणि खांद्यावरचा पंचा झटकून म्हणाले, "शास्त्री, तुझ्याकडं पोरगं शिकायला ठेवलं, तू वाजंत्री करून परत द्यायला लागलास व्हय?" मग शरदकडे वळून त्यांनी व्यापाऱ्याला शोभेल असा करार मांडला. "दसऱ्याच्या आत कुणी तुला हे फुंकण्यासाठी नोकरीवर घेतलं, तर माझी ना न्हाय. न्हाईतर दसऱ्याच्या मुहूर्तावर मुकाट गादीवर बसायचं. झालं?" शरद "व्हय" म्हणाला. मारुतीराव शब्दाचे पक्के, आणि मुलगा त्यांचाच. मी साक्षीदार. बंगळुरात एका हॉटेलमध्ये वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचे प्रमुख मेनिनो नावाचे गोव्याचे गृहस्थ होते. शरदने त्यांना पत्र घातले. मेनिनोंनी उत्तर पाठवले की नवरात्रात गोव्याहून बंगळूरला जाताना बेळगावात थांबून तुझे ऐकतो. तोवर भरपूर सराव कर.

तेव्हा प्रश्न उरला तो एवढाच: रोज तासभर सराव करण्यापुरती एक जागा. इतके लहान काम आपण सहज पार पाडू, असे मला वाटले होते.

पहिली जागा अर्थातच आमची मागची खोली. तिच्या भिंतीला लागून उपेंद्र वकिलांचे घर. वकील सज्जन; त्यांची मुलगी बेबी बी.ए. झालेली, पुढे एम.ए. करण्याची इच्छा बाळगून असलेली. ती इच्छा घरात कोणाला फारशी मानवत नसल्यामुळे एका रविवारी गडहिंग्लजची मंडळी तिला पाहायला आली. ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती. शरदने नेमक्या त्याच घटकेला दीर्घ श्वास घेऊन आत्मसंगीताला हात घातला, ही गोष्ट मात्र आम्हाला ठाऊक नव्हती. मी तेव्हा फिरायला गेलो होतो.

पुढचा वृत्तान्त मला वासंतीकडून कळला. पोहे आले होते, मुलीला नाव विचारून झाले होते, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून वाद्याचा खणखणीत घोष सुरू झाला. आमच्याकडे असले पितळी वाद्य कानावर पडते ते वरातीतच. मुलाच्या आईने हातातली बशी खाली ठेवली.

"अहो," ती आपल्या यजमानांना म्हणाली, "आपण अजून पसंती सांगितली न्हाय, आणि यांनी वाजाप बोलावून ठेवलंय की!"

वकिलांनी अशिलाची बाजू मांडावी तशी आपली बाजू मांडली. ते वाजाप आमचे नव्हे, शेजारच्या शास्त्रीबुवांचे आहे, असे सांगितले. यामुळे प्रकरण आणखी बिघडले. "शास्त्रीबुवांच्या घरी भाद्रपदात कसलं लग्न?" असे मुलाच्या आईने विचारले. ज्या घरच्यांना एवढी घाई, त्या मुलीत काहीतरी खोट असणार, असा निष्कर्ष काढून मंडळी गडहिंग्लजच्या बसला लागली.

वकील संध्याकाळी माझ्याकडे आले. ते बसले नाहीत. "शास्त्रीबुवा, उपद्रवासंबंधीची कलमं मी तुम्हाला वाचून दाखवू शकतो, पण शेजारधर्म म्हणून दाखवत नाही," एवढेच ते म्हणाले. न वाचलेली कलमे वाचलेल्यांपेक्षा अधिक बोचतात. रात्री बेबी कुंपणाशी येऊन वासंतीला हळूच म्हणाली, "काकू, पुढच्या रविवारी चंदगडचे येणार आहेत. शरददादाला सांगाल का, चारच्या सुमाराला वाजवायला?" ही गोष्ट वासंतीने मला पुष्कळ दिवसांनी सांगितली.

चंदगडची मंडळीही पोहे अर्धे टाकून परतली, तेव्हा मी शरदचा सराव बंद केला. रस्त्यावर लोक मला आता 'बँडवाले शास्त्री' म्हणू लागले होते. पुढच्या एकादशीची चौकशी करायला कोणी आले नाही. माझ्या मते दोघातिघांनी तरी ती चुकीच्या दिवशी केली.

याप्रसंगी आमचा दूधवाला कल्लाप्पा मदतीला धावून आला. त्याची हिंडलग्याला आमराई होती. "आण्णा, आमच्या झाडाखाली वाजवू दे की त्यो. तिथं ऐकायला कोन न्हाय. म्हशी हायत, पर त्यांची सोयरीक जमवायची न्हाय आमाला," तो म्हणाला. हा टोला मी गिळला आणि जागा पत्करली. शरद सायकलला पेटी बांधून हिंडलग्याला जाऊ लागला.

हिंडलग्याला कारागृह आहे, हे मला ठाऊक होते. कारागृहाच्या परिसरात शिट्टी, बिगुल किंवा तत्सम आवाज कोणी काढल्यास पोलीस त्याची दखल घेतात, हे तिसऱ्या दिवशी कळले. मष्णू नावाचे हवालदार झाडाखाली आले, वाद्याकडे चारी बाजूंनी पाहिले आणि "परवाना?" असे म्हणाले. परवाना नव्हता. परवाना काढायला मी स्वतः शहरातल्या एका कचेरीत गेलो. शुद्ध भाषेतला अर्ज कोणतेही दार उघडतो, अशी माझी आयुष्यभराची श्रद्धा होती.

तेथील कारकुनाने माझा मराठी अर्ज दोन बोटांनी परत सरकवला. "अर्जी कन्नडदल्ली कोडी, सर." अर्ज कन्नडमध्ये हवा. आमच्या भागात या एका वाक्यावर लोकांनी सत्याग्रह केले आहेत, आणि मी त्यांच्या सभांना टाळ्याही वाजवल्या आहेत. परंतु दसरा जवळ येत होता. मी बाकावर बसलो आणि दोन्ही भाषांच्या समान मातेला शरण गेलो. विनंती, विद्यार्थी, वाद्य, अभ्यास, प्रतिदिन, सायंकाल, वृक्ष, अनुमती! असे निवडून निवडून सारे संस्कृत शब्द कन्नड लिपीत मांडले आणि शेवटाला तेवढी कन्नड क्रियापदे जोडली. कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि उठून उभा राहिला.

"केवढं भारी कन्नड, सर! आमच्या साहेबांनासुद्धा असलं येत नाही," तो मराठीत म्हणाला. माझे मन काहीसे प्रसन्न झाले. "पण हे कशात बसवायचं? लाउडस्पीकरचा परवाना असतो. यात लाउडस्पीकर आहे?"

"नाही."

"मग नाही. दुसरा मिरवणुकीत वाद्य वाजवण्याचा असतो. मिरवणूक कुठून कुठे?"

"मिरवणूक नाही हो. एक मनुष्य, एका झाडाखाली."

"झाडाखालचा परवाना नसतोच." त्याने सहानुभूतीने माझ्याकडे पाहिले. भारी कन्नडचा प्रभाव अजून ओसरला नव्हता. "असं करू या. मिरवणूकच लिहू. निघण्याचं ठिकाण सांगा."

"कल्लाप्पाचे आंब्याचे झाड."

"विसर्जनाचं ठिकाण?"

मी क्षणभर डोळे मिटले. "कल्लाप्पाचे आंब्याचे झाड."

"मिरवणुकीत माणसं?"

"एक."

त्याने शिक्का मारला. इतकी निर्दोष मिरवणूक त्या कचेरीने त्यापूर्वी मंजूर केली नसावी.

पण मिरवणुकीला बंदोबस्त लागतो, आणि तो मष्णू हवालदारांकडे आला. दुसऱ्या दिवशी शरद झाडाखाली उभा राहून वाजवू लागताच त्यांनी काठी आडवी घातली. "थांबायचं न्हाय. मिरवणूक हाय ती. चालत ऱ्हायची."

"साहेब, पण कुठे चालू?"

"झाडाभोवती. डाव्या बाजूनं."

तेव्हापासून रोज सायंकाळी हिंडलग्याच्या आमराईत एक मिरवणूक निघे. पुढे मष्णू हवालदार, मागे सॅक्सोफोन वाजवत शरद, आणि मधोमध आंब्याचे झाड. हवालदारांचा एक गुडघा दुखरा असल्यामुळे ते दर चौथ्या पावलाला काठी जमिनीवर ठणकन टेकवत. शरद मला म्हणाला, "अण्णा, फंकमध्ये सगळा जोर पहिल्या मात्रेवर असतो. ते मला कधी नीट जमत नव्हतं. आता आपोआप जमतं. पहिल्या मात्रेला काठी पडते." मी एकदा जाऊन पाहिले. संगीतातले मला कळत नाही, पण त्या दोघांची प्रदक्षिणा कोणत्याही देवळात शोभावी अशी होती. हवालदार मान हलवत होते. कल्लाप्पाच्या म्हशी तोंड त्याच दिशेला करून उभ्या होत्या. मी थोडा वेळ थांबलो. मग थोडा आणखी थांबलो. परतताना माझी काठीही दर चौथ्या पावलाला पडते आहे, हे ध्यानात येताच मी ती काखेत मारली.

नवरात्र आले. मेनिनो अष्टमीला पोहोचणार होते. अष्टमीला शरद रात्रीपर्यंत कॅम्पात, गोव्याहून येणाऱ्या रस्त्यावर, त्यांची वाट पाहून परत आला. ते आले नाहीत. नवमीला सकाळी मारुतीराव मोटार घेऊन दारात हजर झाले. उद्याचा दसऱ्याचा मुहूर्त निपाणीला गाठायचा, म्हणून आज दुपारी चारला मुलाला घेऊन निघायचे, असा त्यांचा बेत होता. शरदने वाद्य पुसले आणि वासंतीजवळ दिले. खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातली कामाची सारी साधने पूजेत बसतात. माझे ग्रंथ, विळी, कल्लाप्पाने आणून दिलेले दुधाचे मापटे. तसा सॅक्सोफोनही बसला.

ही पूजा मी मनापासून केली. वाद्य आडवे ठेवणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून चौरंगावर गव्हाची रास करून त्यात ते उभे रोवले. त्याचे वर वळलेले रुंद तोंड पाहून वासंतीला कलशच आठवला. तिने त्यात आंब्याची पाने लावून नारळ ठेवला, वर झेंडूचे फूल वाहिले. मी देवीचे आवाहन केले आणि जाहीर केले की उद्या उत्तरपूजा होईपर्यंत यातल्या कोणत्याही वस्तूला हात लागता कामा नये.

तासाभरातच या निर्णयाची परीक्षा झाली. उपेंद्र वकिलांच्या घरीही माझ्याच सांगण्यावरून त्यांचे टंकलेखन यंत्र आणि पेन पूजेत बसले होते. त्यांच्याकडे एक अशील तातडीची नोटीस पाठवायला आला. वकिलांनी कुंपणावरून विचारले, "शास्त्रीबुवा, अर्ध्या तासापुरतं यंत्र उतरवलं तर?"

"आवाहनानंतर आणि विसर्जनापूर्वी उपकरणाला कामाला जुंपणे म्हणजे आसनावर बसवलेल्या पाहुण्याला विहिरीवर पाणी भरायला पाठवणे आहे," मी म्हणालो. उपमा साधली, असे मला वाटले. वकिलांनी पूजेत नसलेल्या एका पेन्सिलीने नोटीस लिहिली. अशिलाने ती पाहिली आणि तो दुसऱ्या वकिलाकडे गेला.

आणि दुपारी तीन वाजता आमच्या दारात एक धुळीने माखलेली गाडी थांबली. तीतून रंगीबेरंगी सदऱ्यांचे पाच वादक आणि पांढऱ्या मिशांचे मेनिनो उतरले. "घाटांत गाडी बंद पडली, बाबा! रात्रभर थंयच!" ते म्हणाले. "उद्यां सांजे बंगळूरला वाजवपाचें आसा. अर्धो तास आसा म्हज्याकडे. खंय आसा तो भुरगो? वाजव रे!"

शरद माझ्याकडे पाहू लागला. मी चौरंगाकडे पाहू लागलो.

मारुतीरावांना परिस्थिती प्रथम कळली. त्यांनी ओसरीवर ऐसपैस मांडी घातली. "देव बसवलाय, शास्त्री. तूच बसवलायस. आता हलवायचा न्हाय."

कुंपणापलीकडे उपेंद्र वकील येऊन उभे राहिले होते. त्यांच्या हातात ती पेन्सिल होती. त्यांच्यामागे रस्त्यावरची आणखी चारपाच माणसे. शास्त्रीबुवा सकाळचा पाहुणा दुपारी पाणी भरायला पाठवतात की काय, एवढेच त्यांना पाहायचे होते.

मला सांगणे प्राप्त आहे की मी त्या क्षणी निर्णय फिरवण्याचा विचार केला आणि तो सोडून दिला. शेजाऱ्यांचे भय हे त्याचे एक कारण होते; परंतु मी तो फिरवला असता तर त्या मुलाच्या हातात ते वाद्य पूर्वीसारखे राहिले नसते, असेही मला वाटले. तो स्वतःदेखील पुढे झाला नाही. "अण्णा, असू दे," एवढे म्हणाला आणि आपली कपड्यांची पेटी बांधायला मागच्या खोलीकडे निघाला.

"थांब," मी म्हणालो. "आधी सायंपूजा होऊ दे." सायंपूजेला अजून अवकाश होता, पण दुसरे काही सुचत नव्हते. मी हातपाय धुऊन चौरंगापुढे बसलो आणि जितके संथ म्हणता येईल तितके संथ मंत्र म्हणू लागलो. मेनिनो घड्याळ पाहत होते. गंध झाले, पुष्प झाले, धूप, दीप, नैवेद्य झाला. मग पुढचे उपचार आले: छत्र, चामर, नृत्य, गीत, वाद्य. गरिबाघरच्या पूजेत छत्र-चामरे कोठून असणार? त्यांच्या जागी अक्षता वाहण्याची मुभा असते. "वाद्यार्थे अक्षतान् समर्पयामि" असे म्हणत मी आयुष्यभर दोन तांदूळ टाकत आलो आहे. आजही सवयीने हात उचलला.

तो वरच राहिला. वाद्य नसेल तर तांदूळ. येथे वाद्य समोर होते, वादक दारात होता, आणि मी देवीला तांदळांवर भागवू पाहत होतो!

"शरद," मी मागे न पाहता म्हणालो, "अंघोळ कर. माझे धूतवस्त्र नेस. आणि येथे येऊन बैस."

"हरकत!" कुंपणापलीकडून वकील ओरडले. "शास्त्रीबुवा, मग माझ्या टंकलेखन यंत्रानं काय पाप केलं होतं?"

"वकीलसाहेब, देवीला वाद्य हा उपचार आहे. नोटीस हा उपचार नाही," मी म्हणालो. "वाद्य आसनावरून हलणार नाही, कामाला जुंपले जाणार नाही. ते देवीपुढे वाजेल, देवीसाठी वाजेल. ज्यांना प्रसाद म्हणून ऐकायचे असेल त्यांनी पादत्राणे काढून आत यावे."

मेनिनो आणि त्यांचे पाच वादक बूट काढून आत आले. मारुतीरावांना, पूजा चालू असताना बाहेर बसणे प्रशस्त नव्हे म्हणून, आत यावे लागले. वासंतीने घरच्या पाहुण्याला देतात तशी आरतीची झांज त्यांच्या हाती दिली. वकील कुंपणाला वळसा घालून आले. शरद माझ्या धोतरात अवघडून चौरंगापुढे मांडी घालून बसला. गव्हाच्या राशीत उभ्या असलेल्या वाद्याचे टोक बरोबर त्याच्या ओठांशी येत होते.

"अण्णा," तो पुटपुटला, "तेवढा नारळ काढला तर…"

"नाही."

"खालचे स्वर येणार नाहीत."

"देवीला वरचे चालतात."

त्याने डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली. नारळामुळे त्या वाद्याचा खणखणीतपणा गेला होता. एक घोगरा, घसा दाटून आलेल्या माणसासारखा स्वर बाहेर येत होता. खालच्या स्वरांकडे जाताना तो नारळाला अडून मागे फिरे आणि ज्या वाटेने गेला त्याहून वेगळ्या वाटेने परत येई. प्रारंभी ते संथ होते. मग कुठूनतरी पहिल्या मात्रेवर जोर पडू लागला. आणि दारातून ठणकन काठीचा आवाज आला. मष्णू हवालदार, हिंडलग्याला मिरवणूक का निघाली नाही याची चौकशी करायला, सायकलवरून आले होते. त्यांनी आत येऊन टोपी काढली आणि काठी चालू ठेवली. मारुतीरावांच्या हातातली झांज त्या ठेक्यात केव्हा पडू लागली ते त्यांनाही कळले नसावे. मेनिनोंचा ढोलवाला मांडीवर बोटे आपटू लागला.

एका जोरकस तानेला नारळ थरथरला आणि त्यावरचे झेंडूचे फूल घरंगळून खाली पडले.

"कौल!" वासंती म्हणाली. "उजवा कौल दिला! देवीचा होकार!"

"आपल्या उजवीकडे पडलं ते," वकील म्हणाले. "देवीच्या डावीकडे."

"वकीलसाहेब, तोंड मिटा!" मारुतीराव गरजले. त्यांची झांज थांबलेली नव्हती. डोळे मात्र त्या फुलावर खिळले होते.

वादन संपले. शरदने हात जोडले. मग मेनिनो पुढे सरकले, नारळाकडे आणि शरदकडे आळीपाळीने पाहिले. "ही आयडिया तुका कोणें दिली?" त्यांनी विचारले. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी पळीपंचपात्र आवरू लागलो.

"बरो आसा. खूब बरो आसा," मेनिनो मारुतीरावांना म्हणाले. "आमी ह्या भुरग्याक आजच घेऊन वतां. पगार म्हणशात तर महिन्याक…"

"थांबा!" मारुतीरावांनी हात वर केला. त्यांना मुलाला पाठवायचे नव्हते. उजव्या कौलाने त्यांचा अर्धा जीव गेला होता, पण अर्धा शिल्लक होता. मात्र भाव म्हटल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावरचा बाप मागे सरला आणि निपाणीच्या बाजारातला जुना गडी पुढे आला. "चारचौघांत तोंडानं भाव सांगतात व्हय? हात द्या."

त्यांच्या बाजारात भाव बोलत नाहीत. दोघे व्यापारी एका पंचाखाली हात घालतात, बोटे दाबून मागणी होते, बोटे दाबून उत्तर होते, आणि पंचाखाली जे ठरले ते बाहेर सांगायचे नसते, मोडायचेही नसते. मारुतीरावांनी खांद्यावरचा पंचा दोघांच्या हातांवर टाकला. मेनिनोंना हा कौलानंतरचा एखादा धार्मिक विधी वाटला असावा. ते भक्तिभावाने स्मित करीत राहिले. पंचाखाली खळबळ झाली. मारुतीरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "एवढ्यात? माझ्या पोराला?" ते पुटपुटले आणि पुन्हा बोटे दाबली. मेनिनोंनी आदराने मान हलवली. मारुतीरावांनी अजून जोराने दाबली. मेनिनोंनी आणखी आदराने मान हलवली.

"ठरलं!" मारुतीराव म्हणाले आणि पंचा उचलला. उचलल्यावर मात्र ते तसेच उभे राहिले. आपण मुलगा विकून बसलो, आणि तो फार चांगल्या भावाला, हे त्यांना तेव्हा उमगले. पंचाखालचा सौदा त्यांनी जन्मात मोडला नव्हता. त्यांनी पंचा घडी करून खांद्यावर टाकला आणि शरदला म्हणाले, "जा. वेळेवर जेवत जा."

उत्तरपूजेपूर्वी वाद्य हलणार नव्हते; म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी मष्णू हवालदारांबरोबर बसने बंगळूरला रवाना झाले, आणि वाटेत सोबतच्या नारळाभोवतीची आंब्याची पाने कोमेजू नयेत म्हणून त्यांनी ती ओल्या फडक्यात गुंडाळली होती. शरद मात्र त्याच संध्याकाळी गाडीतून गेला. वखारीत वाढलेल्या त्या मुलाला पंचाखालची भाषा येत होती. कोणती बोटे दाबली गेली ते मेनिनोंना विचारून, त्यांनी काय कबूल केले ते त्याने गाडीत सांगितले असावे. कारण गाडी आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन थांबली. बराच वेळ थांबली. आम्ही सारे फाटकात उभे राहून पाहत होतो. मग ती पुढे गेली.

पुढे शरद बंगळूरहून मुंबईला गेला, मोठ्या हॉटेलांत वाजवू लागला, दोनदा परदेशीही जाऊन आला. बेबीने एम.ए. केले. एकादशीच्या शंका माझ्याकडे पुन्हा येऊ लागल्या. मात्र विचारणारा हल्ली "आणि शास्त्रीबुवा, आणखी एक वाट निघत असेल तर…" असे हळूच जोडतो.

पंच्याऐंशी साली शरदची पहिली ध्वनिफीत निघाली. मारुतीराव ती आणि एक टेप रेकॉर्डर घेऊन निपाणीहून आले. आम्ही ओसरीवर बसून ऐकले. दुसऱ्या बाजूच्या शेवटी एक धून आहे. तीत तो घोगरा, घसा दाटलेला स्वर आला आणि पहिल्या मात्रेवर ठणकन काहीतरी पडले. कुंपणापलीकडे वकील रोपांना पाणी घालत होते. त्यांची झारी थांबली.

धून संपली तरी फीत फिरत राहिली. मारुतीरावांनी खांद्यावरचा पंचा काढला, आम्हा दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याखाली माझी बोटे एकामागून एक दाबली; आधी दोन, मग पाच, मग सगळा पंजा, आणि तो सोडला नाही.

मला ती भाषा येत नाही. मी विचारलेही नाही. पंचाखालचे बाहेर सांगायचे नसते.